अंड्यापासून अंगापर्यंत: भ्रूणाच्या घडणीत जनुकं काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजांतले शिक्षक आणि बाळाची वाट पाहणारे आईवडील यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उत्तरं फळमाशीवरून दिली आहेत. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ही बारीक माशी म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. अंड्यातल्या पहिल्या काही तासांत कोणतं जनुक कुठे आणि केव्हा चालू होतं, हे सगळ्यांत बारकाईने तिच्यातच उलगडलं आहे. इतर प्राणी जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

१. सगळ्या पेशींत तीच जनुकं असतात ना? मग डोक्याच्या जागी डोकंच आणि शेपटीच्या जागी शेपटीच कशी येते?

जनुकं तीच असतात, पण त्यातली चालू कोणती हे जागेप्रमाणे बदलतं. प्रत्येक जनुकाच्या आसपास, कधी कधी फार लांबवर, डीएनएचे छोटे तुकडे असतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. पेशीतली काही ठरावीक प्रथिनं या तुकड्यांवर जाऊन बसतात आणि त्यावरून ते जनुक चालू राहणार की बंद, हे ठरतं. ही प्रथिनंही कुठल्या ना कुठल्या जनुकानेच बनवलेली असतात. म्हणजे एक जनुक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला गप्प बसवतं.

डीएनएमध्ये माशीचं किंवा माणसाचं चित्र कुठेही काढून ठेवलेलं नाही. आत्ता आपल्यात कोणती प्रथिनं आहेत, किती आहेत आणि शेजारची पेशी काय सांगते आहे, एवढ्यावरच प्रत्येक पेशी चालते. मग पहिला फरक येतो कुठून? माशीत तो आईने अंड्यातच घातलेला असतो (प्र. ४ पाहा). सस्तन प्राण्यांच्या अंड्यात असा पक्का ठरलेला पुढचा-मागचा भाग नसतो. तिथे आठ-सोळा पेशींच्या गोळ्यात कोण बाहेर राहिलं आणि कोण आत गेलं, यावरून पहिली वाटणी होते. बाहेरच्या पेशींतून वार तयार होते, आतल्यांतून बाळ.

२. फलन झालं की भ्रूणाची स्वतःची जनुकं लगेच कामाला लागतात का?

नाही. सुरुवातीचा सगळा संसार आईच्या शिदोरीवर चालतो. अंडं तयार होतानाच आईची जनुकं त्यात आरएनए आणि प्रथिनांचा साठा भरून ठेवतात. हा साठा हळूहळू मोडला जातो आणि भ्रूणाची जनुकं ताबा घेतात. उंदरात हे दोन पेशींच्या अवस्थेत होतं, माणसात चार ते आठ पेशींच्या. झीब्राफिशमध्ये साधारण तीन तासांनी. झेनोपस बेडकात बारा विभाजनं उलटून चारेक हजार पेशी झाल्यावर. फळमाशीत दोन तासांनंतर, आणि तिथे झेल्डा नावाचं प्रथिन आधीच डीएनएवर बसून दारं उघडून ठेवतं.

ताबा घेण्याचा हा टप्पा नाजूक असतो. आयव्हीएफ प्रयोगशाळेत अनेक भ्रूण तिसऱ्या दिवसाच्या आसपास वाढायचे थांबतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. तोवर आईच्या साठ्यावर विभाजनं चालू असल्याने ही चूक बाहेरून दिसलेली नसते.

३. फळमाशीच्या पहिल्या तीन तासांत नेमकं काय होतं?

अंडं अर्धा मिलिमीटर लांब असतं. २५ अंश सेल्सिअसला ठेवलं तर पहिली विभाजनं दर आठ-नऊ मिनिटांनी होतात. गंमत अशी, की विभागतात ती फक्त केंद्रकं. त्यांच्यामध्ये भिंती नसतात, सगळी एकाच पेशीद्रवात तरंगत असतात. नऊ विभाजनांनंतर बहुतेक केंद्रकं पृष्ठभागाशी येतात. मागच्या टोकाला पोचलेली काही केंद्रकं सर्वांआधी स्वतःभोवती पेशी करून घेतात. पुढच्या पिढीचे शुक्राणू किंवा अंडी त्यांच्यापासून होणार असतात.

बाकीची आणखी चार वेळा विभागतात, आता जरा सावकाश. तेराव्या विभाजनानंतर केंद्रकं सहा हजारांच्या घरात जातात. मग पृष्ठभागावरून पटल खाली उतरत जातं आणि एकेका केंद्रकाभोवती पेशी तयार होते. तिसऱ्या तासाला ते काम आटोपतं, लगेच पोटाच्या बाजूला लांबट घडी पडते आणि त्या पेशी आत शिरतात. साधारण एका दिवसात अळी बाहेर येते.

भिंती नसलेले हे दोन-अडीच तास फार महत्त्वाचे आहेत. एरवी एका पेशीतलं जनुक-नियंत्रक प्रथिन शेजारच्या पेशीत जात नाही. इथे ते सरळ पसरतं. पुढच्या दोन उत्तरांतलं सगळं याच सवलतीवर उभं आहे.

४. डोकं कुठल्या टोकाला करायचं हे कोण ठरवतं?

बायकॉइड नावाचं जनुक, आणि तेही आईचं. अंडाशयात प्रत्येक अंडपेशीला पंधरा पोषक पेशी चिकटलेल्या असतात. त्या बायकॉइडचा आरएनए अंड्यात ओततात आणि तो पुढच्या टोकाशी बांधून ठेवला जातो. अंडं घातलं गेलं की त्यापासून प्रथिन बनू लागतं आणि मागच्या दिशेला पसरतं. पुढे दाट, मागे विरळ असा उतार तयार होतो: दर १०० मायक्रोमीटरला, म्हणजे अंड्याच्या साधारण पाचव्या भागाला, प्रमाण जवळपास एक-तृतीयांशावर येतं. ते पुरेसं असेल तिथेच हंचबॅक हे जनुक चालू होतं, त्यामुळे त्याची सीमा अंड्याच्या जवळजवळ मध्यावर पडते.

पुरावा पाहण्यासारखा आहे. आईकडे बायकॉइड नसेल तर भ्रूणाला डोकं आणि छाती येत नाहीत, पुढच्या टोकालाही शेपटीकडचे भाग येतात. अशा अंड्यात बायकॉइडचा आरएनए मधोमध टोचला तर डोक्याचे भाग मधोमध येतात. आईला बायकॉइडच्या जास्त प्रती दिल्या तर डोक्याची खाच मागे सरकते, मात्र गणिताने येते तितकी नाही. अशा भ्रूणांतून बऱ्याचदा धडधाकट माश्याही निघतात, कारण फाजील वाढलेल्या भागातल्या पेशी नंतर मरून जातात. भ्रूणाला अशी सावरासावर करता येते, हे पाठ्यपुस्तकांच्या आकृतीत दिसत नाही.

मागच्या टोकाला हेच काम नॅनोस करतं, पाठ-पोट डॉर्सल या प्रथिनाने ठरतं आणि दोन्ही टोकांची अगदी शेवटची कड टॉर्सोने.

५. उतार एकसारखा उतरता असतो. मग त्यातून सात ठळक पट्टे कसे निघतात?

काही जनुकं भ्रूणाच्या अंगावर आडव्या सात पट्ट्यांतच चालू होतात, मधल्या जागी बंद असतात. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पट्टा म्हणजे लाट असणार, कुठलं तरी प्रथिन सात वेळा वर-खाली होत असणार, असं वाटतं. माशीत तसं नाही. तिथे पट्टे सुटे सुटे घडवले जातात.

इव्हन-स्किप्ड या जनुकाचा दुसरा पट्टा घ्या. त्यासाठी डीएनएचा साधारण ४८० अक्षरांचा एक स्वतंत्र तुकडा आहे. बायकॉइड आणि हंचबॅक त्यावर बसले की जनुक चालू होतं. हे दोघंही अंड्याच्या पुढच्या अर्ध्या भागात सगळीकडे आहेत, म्हणजे एवढ्यावर पट्टा रुंदच रुंद व्हायला हवा. पण त्याच तुकड्यावर बंद करणाऱ्या दोन प्रथिनांनाही जागा आहे: पुढच्या बाजूला जायंट आणि मागच्या बाजूला क्रुपेल. या दोघांच्या मध्ये उरते ती अरुंद फट, आणि तोच दुसरा पट्टा. जायंट काढून टाका, पट्टा पुढे पसरतो. क्रुपेल काढून टाका, मागे पसरतो. तो तुकडा कापून दुसऱ्याच एखाद्या जनुकासमोर जोडा, तर ते जनुक नेमक्या त्याच जागी चालू होतं. तिसरा आणि सातवा पट्टा एक तुकडा वाटून घेतात, चौथा आणि सहावा दुसरा. म्हणून सात पट्ट्यांना पाच तुकडे पुरतात.

पेशींच्या भिंती झाल्यावर ही पद्धत चालत नाही. मग शेजाऱ्याला निरोप धाडावा लागतो. एन्ग्रेल्ड हे जनुक चालू असलेली पेशी हेजहॉग हे प्रथिन बाहेर सोडते. ते मिळालं की शेजारीण विंगलेस सोडते, आणि विंगलेस मिळत राहिलं तरच पहिलीतलं एन्ग्रेल्ड टिकतं. या देवाणघेवाणीतून अळीच्या अंगावरच्या चौदा खंडांच्या सीमा पक्क्या होतात.

६. हॉक्स जनुकं म्हणजे काय? ती पाय, पंख वगैरे तयार करतात का?

तयार करत नाहीत, पत्ता सांगतात. ‘तू छातीचा तिसरा खंड आहेस’ एवढंच. पुढचं काम त्या पत्त्यावर इतर जनुकं करतात. माशीत अशी आठ आहेत आणि शरीरात ज्या क्रमाने वापरली जातात जवळपास त्याच क्रमाने ती गुणसूत्रावर बसलेली आहेत. माणसात चार गटांत मिळून ३९ आहेत. सगळ्यांत १८० अक्षरांचा एक सारखा भाग असतो, होमिओबॉक्स.

पत्ता चुकला की अवयव उत्तम बनतो, पण भलत्या जागी. अँटेनापीडिया डोक्यात चालू झालं तर मिशीच्या जागी पाय येतो. तिसऱ्या छातीखंडात अल्ट्राबायथोरॅक्सचं काम पंख न होऊ देण्याचं असतं. तिथे ते गेलं तर तोल सांभाळणाऱ्या छोट्या दांड्यांच्या जागी पंखांची दुसरी जोडी येते. उंदरातल्या हॉक्स-१० गटाची सर्व जनुकं काढली तर कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटतात. माणसात एचओएक्सडी-१३ बिघडलं तर बोटं जोडलेली आणि जास्तीची असू शकतात.

७. ‘आयलेस’ हे डोळा बनवणारं जनुक, मग नाव ‘बिनडोळ्याचं’ का?

कारण माशीत जनुकाला नाव पडतं ते बिघडल्यावर काय दिसलं त्यावरून. आयलेस बिघडलं की डोळे जातात, म्हणजे शाबूत असताना ते डोळा घडवतं. इव्हन-स्किप्डमध्ये सम क्रमांकाचे खंड गळतात. फुशी ताराझू हे जपानी आहे, अर्थ ‘खंड अपुरे’. हेजहॉग बिघडलेली अळी काट्यांनी भरलेली दिसते. परीक्षेत नाव वाचलं की आधी ते उलटं करा आणि मग काम लिहा.

यातली बरीच जनुकं क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना हायडेलबर्गमध्ये हजारो बिघडलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहून सापडली. त्यांचा पहिला मोठा लेख १९८०चा. १९९५चं नोबेल त्यांना आणि हॉक्सवर काम करणाऱ्या एडवर्ड लुइस यांना मिळून देण्यात आलं.

८. माशीतलं हे सगळं माणसाला कितपत लागू होतं?

अवजारं बव्हंशी तीच आहेत, जोडणी वेगळी. उंदराचं पॅक्स-६ हे जनुक माशीच्या पायात चालू केलं तर तिथे डोळा येतो, आणि तो माशीचा जाळीदार डोळा असतो, उंदराचा नव्हे. माणसात पॅक्स-६ची एक प्रत बिघडली की डोळ्यातली बुबुळाची रंगीत चकती नीट बनत नाही. हेजहॉगचा आपल्यातला भाऊबंद, सॉनिक हेजहॉग, मेंदूचे दोन भाग आणि हाताची बोटं यांसाठी लागतो.

मात्र बायकॉइड फक्त प्रगत माश्यांच्या कुळात आहे. डासातही नाही, भुंग्यातही नाही. तसेच आपले मणके माशीसारखे एकदम पट्ट्यांतून येत नाहीत. पाठीच्या दोन्ही बाजूंना सोमाइट नावाचे पेशींचे ठोकळे एकामागून एक सुटतात, आणि त्यामागे खरोखरच एक घड्याळ असतं: काही जनुकं ठरावीक वेळाने चालू-बंद होत राहतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी सुटते, झीब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाने, माणसात चार-पाच तासांनी.

९. भ्रूणाकडे चांगलं जनुक असूनही दोष दिसतो, असं कसं?

आईचं जनुक बिघडलेलं असलं तर. याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे लिम्निया ही तळ्यातली गोगलगाय. शंखाला उजवं वळण देणारं जनुक प्रभावी आहे, पण मोजलं जातं ते आईचं. आईकडे दोन्ही प्रती डाव्या असतील आणि बापाकडे दोन्ही उजव्या, तर पिल्लांकडे उजवी प्रत असूनही सगळी डाव्या वळणाची निघतात. त्या पिल्लांची पिल्लं मात्र सगळी उजवी, अगदी ज्यांच्या वाट्याला दोन्ही डाव्या प्रती आल्या तीसुद्धा. उजव्या-डाव्यांचं तीनास एक हे नेहमीचं गुणोत्तर एक पिढी उशिरा दिसतं. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२३ मध्ये हे कोडं असं सोडवलं. वळण ठरतं ते चाराच्या आठ पेशी होताना, आणि तेव्हा साठा आईचाच असतो (प्र. २). २०१९ मध्ये क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने एलएस-डाया-१ हे एकच जनुक मोडून डाव्या वळणाच्या गोगलगायी मिळवल्या गेल्या.

जाता जाता: पूजेतला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख जीवशास्त्राच्या भाषेत डाव्या वळणाचा असतो. शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरून तोंड कुठल्या बाजूला ते पाहतात. टोक खाली धरलं की तेच तोंड उजवीकडे दिसतं.

१०. जनुकाची तपासणी नॉर्मल आली, तरी बाळाला सहावं बोट. मग हे आनुवंशिक नाही का?

असू शकतं. तपासणीत बहुधा प्रथिन बनवणारा भाग वाचला जातो. सॉनिक हेजहॉगला हातापायांत चालू करणारा एन्हान्सर त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, चक्क दुसऱ्या एका जनुकाच्या पोटात आहे. त्यात एक अक्षर बदललं तरी अंगठ्याच्या बाजूलाही जनुक चालू होतं आणि जास्तीचं बोट येतं. जास्तीच्या बोटांची इतरही कारणं आहेत, म्हणून घराण्यात कुणाला आहे का हे विचारल्याशिवाय जनुकतज्ज्ञ पुढची तपासणी ठरवत नाहीत.

११. जनुकं पूर्ण निर्दोष असली तर भ्रूण सुरक्षित, असं म्हणावं का?

म्हणू नये. जनुकाचा निरोप वाटेत अडवला गेला तरी परिणाम तोच होतो. अमेरिकेत आयडाहोमध्ये मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं होत. कारण निघालं व्हेराट्रम ही रानवनस्पती. गाभण मेंढीने ती चौदाव्या दिवशी खाल्ली, तर तिच्यातलं सायक्लोपामिन हेजहॉगचा निरोप पोचू देत नाही आणि चेहऱ्याचे दोन भाग वेगळे होत नाहीत.

थॅलिडोमाइड या औषधाचा घाव तसाच. १९५०च्या दशकाच्या शेवटी गरोदरपणातल्या मळमळीवर ते दिलं गेलं आणि दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. धोक्याचे दिवस गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६. औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं आणि अवयवांना लागणारं एसएएलएल-४ नष्ट करायला लावतं. उंदराचं सेरेब्लॉन किंचित वेगळं असल्याने उंदरांत काही दिसलं नाही.

आईवडिलांसाठी सर्वांत उपयोगाची गोष्ट फोलिक ॲसिड. मज्जारज्जूची नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नुकतंच लक्षात येतं तेव्हा. म्हणून रोजचे ४०० मायक्रोग्रॅम गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू करायचे असतात. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा दहापट किंवा अधिक लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

१२. एका भ्रूणाचे दोन तुकडे झाले तर दोन अर्धे जीव का होत नाहीत?

माशीत खरोखरच भाग गळतात, कारण पत्ते लवकर वाटून झालेले असतात. माणसात आणि कोंबडीत पेशी अजून शेजाऱ्यांना विचारून ठरवत असतात, म्हणून प्रत्येक तुकडा पुन्हा अख्खा होतो आणि एकसारखी जुळी जन्मतात. साधारण तेराव्या दिवसानंतर तुटलं तर मात्र पूर्ण वेगळं होणं जमत नाही आणि जुळी जोडलेली राहतात.

१३. काहींचं हृदय उजवीकडे असतं. त्याचं जनुक कोणतं?

‘उजव्या हृदयाचं जनुक’ असं काही नाही. उंदराच्या आणि आपल्या भ्रूणात मध्यरेषेवर एक खळगा असतो. त्यातल्या पेशींचे केसासारखे तंतू गोल फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात. त्यामुळे डाव्या बाजूलाच नोडल आणि मग पिटएक्स-२ चालू होतं. तंतू फिरलेच नाहीत तर डावं-उजवं नशिबावर पडतं: जवळपास निम्म्यांत सरळ, निम्म्यांत उलट. अशांना वारंवार सर्दी आणि छातीचे आजार होतात, कारण श्वासनलिकेतले तंतूही तेच. कोंबडीत हे तंतू वापरले जात नाहीत, तिथे पेशी स्वतःच सरकतात.

१४. प्रॅक्टिकलसाठी कोंबडीचा भ्रूण काढतो, पण निम्म्या वेळा काहीच मिळत नाही. काय चुकतं?

बहुधा अंडंच. दुकानातली पांढरी अंडी कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांच्यात भ्रूण असणारच नाही. हॅचरीतून किंवा कोंबडा असलेल्या घरून गावठी अंडी आणा. एक फोडून पाहा: फलित अंड्याच्या बलकावर तीन-चार मिलिमीटरचं कडं दिसतं, निष्फळात छोटा, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका.

दुसरी चूक साठवणीची. अंडी १३ ते १८ अंशांत, आठवड्याच्या आत वापरा. फ्रिजमध्ये बरीच मरतात. आणि २०-२१ अंशांच्या वर भ्रूण रखडत का होईना वाढू लागतो, म्हणून मे महिन्यात खोलीत ठेवलेल्या अंड्यांत तास आणि सोमाइट यांचा मेळ बसत नाही.

अंडी आडवी ठेवून ३८ अंशांवर, ५० ते ६० टक्के आर्द्रतेत उबवा. २४ तासांच्या आसपास पहिला सोमाइट, ३३ ते ३८ तासांत दहा जोड्या आणि हृदयाची पहिली धडधड. फोडण्याआधी अंडं दहा मिनिटं न हलवता ठेवा, म्हणजे भ्रूण वर येतो. ३८ अंशांच्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात बलक सोडा. वरचा घट्ट पांढरा भाग टिश्यूने टिपून घ्या. तो राहिला तर कागद चिकटत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग फिल्टर पेपरची कडी भ्रूण मध्ये येईल अशी ठेवा, अर्धा मिनिट थांबा, कडीच्या बाहेरून पटल सगळीकडून कापा आणि तिरकं उचलून घ्या. सरळ वर ओढलं की भ्रूण फाटतो.

१५. जनुकांऐवजी तापमानानेच नर-मादी ठरतं, असे प्राणी खरंच आहेत का?

आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावर येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत लिंग-गुणसूत्रं नसतात. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू साधारण २९-३० अंशांहून गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. पण इथेही काम जनुकंच करतात, फक्त त्यांना चालू करणारा निरोप उष्णतेचा असतो. लाल कानाच्या कासवात हा दुवा सापडला आहे: थंडाव्यात केडीएम-६बी चालू होतं, ते डीएमआरटी-१ला उघडतं आणि वृषण तयार होतं.

म्हणून हॅचरीत खड्ड्याची खोली मूळ घरट्याइतकीच ठेवतात, उथळ खड्डा जास्त तापतो. अंडी हलवायची ती घातल्यापासून काही तासांतच. त्यानंतर भ्रूण कवचाच्या आतल्या पटलाला वरच्या बाजूने चिकटतो, आणि उबवताना रोज फिरवावं लागणाऱ्या कोंबडीच्या अंड्याच्या अगदी उलट, कासवाचं अंडं नुसतं कलंडलं तरी भ्रूण मरू शकतो.